प्राणी-हेर परदेशी निघाले: मुलांसाठी रहस्यकथा लिहिणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

कुत्रा, कावळा, मांजर किंवा मुंगूस हेरगिरी करतंय आणि तीही परदेशात, अशी गोष्ट मुलांना फार आवडते. लिहायला मात्र ती दिसते तितकी सोपी नसते. लिहिणाऱ्यांकडून, शिक्षकांकडून आणि संपादकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक उत्तरांच्या मुळाशी एकच कसोटी आहे. कुत्र्याच्या जागी दहा वर्षांचा बंडू ठेवला आणि काठमांडूच्या जागी कोल्हापूर ठेवलं, तरी गोष्ट जशीच्या तशी चालत असेल, तर प्राणी आणि परदेश दोन्ही नुसते वरून चिकटवलेले आहेत.

हेर म्हणून कोणता प्राणी घ्यावा?

ज्याच्या अंगात तपासाचं एखादं खरं हत्यार आहे, तो. कुत्र्याकडे नाक आहे. माणसाच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाखांच्या आसपास असतात, तर काही जातींच्या कुत्र्यांत त्या तीस कोटींपर्यंत जातात. कावळ्याकडे स्मरणशक्ती आहे. त्रास देणाऱ्या माणसाचा चेहरा कावळे वर्षानुवर्षं विसरत नाहीत, हे अमेरिकेत सिएटलच्या विद्यापीठात मुखवटे घालून केलेल्या प्रयोगांत दिसलं आहे. मांजराला मिशा अंधारात वाट सांगतात, आणि वटवाघूळ प्रतिध्वनीवरून वाट शोधतं.

हत्याराइतकीच उणीवही महत्त्वाची. कुत्र्याला लाल आणि हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. त्याच्या जगात मुख्यतः निळा आणि पिवळा असतो. मांजराला गोड चव कळत नाही. या उणिवांमुळे हेर चुकतो, आणि हेर चुकला की गोष्टीला रंग चढतो. सगळं येणारा हेर आठव्या पानावर कंटाळवाणा होतो.

कोणी म्हणेल, प्राणी-हेर ही निव्वळ कल्पना. ती तशी नाही. मागावा नावाचा आफ्रिकी उंदीर टांझानियात शिकून तयार झाला आणि कंबोडियात जाऊन वासावरून जमिनीतले भूसुरुंग शोधू लागला. वजन सव्वा किलोच्या आसपास, त्यामुळे त्याच्या पावलांनी सुरुंग फुटत नसे. टेनिस कोर्टाएवढी जागा तो अर्ध्या तासात हुंगून काढी. २०२० साली त्याला ब्रिटनमधल्या प्राणिसेवी संस्थेचं सुवर्णपदक मिळालं.

प्राण्याला परदेशात पोचवायचं कसं? विमानात लपून गेला, असं चालेल का?

चालवतात बरेच जण. पण विमानाच्या चाकांच्या कप्प्यात थंडी आणि प्राणवायूची कमतरता इतकी असते की तिथे लपलेला प्राणी जगणं अवघड. मुलांना हे माहीत असतं, आणि नसलं तरी ती विचारतात. त्याहून चांगल्या, खऱ्या वाटा आहेत.

कावळा जहाजाने जातो. आपला गावकावळा बंदरात उभ्या जहाजावर बसून खरोखरच परदेशी पोचला आहे. पूर्व आफ्रिकेच्या बंदरांत तो आहे, आणि १९९०च्या दशकात नेदरलँड्समधल्या हुक ऑफ हॉलंडलाही त्याने बिऱ्हाड थाटलं होतं. भाऊच्या धक्क्यावरचा कावळा रॉटरडॅमच्या बाजूला उतरला, तर त्याला वाचक हरकत घेणार नाही.

चातक तर दरवर्षीच परदेशवारी करतो. पावसाच्या तोंडावर तो आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून येतो. वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी समुद्रकासवीही चालेल. २०२२ साली कोकणातल्या काही कासवींच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली होती, म्हणजे तिच्या प्रवासाचा नकाशा हाताशी आहे.

साळुंकी मेलबर्नला पाठवायची असेल तर एक गंमत ध्यानात ठेवा. तिथे तिचे नातलग आधीच आहेत. १८६०च्या दशकात माणसांनीच कीड खायला म्हणून त्यांना तिकडे नेलं आणि आज त्या उपद्रवी पाहुण्या ठरल्या आहेत. लंडनच्या बागांतही आपल्याकडचे हिरवे पोपट हजारोंनी उडतात. परक्या देशात उतरलेल्या हेराला पहिला खबऱ्या कुठून मिळाला, या प्रश्नाचं उत्तर इथे आयतं मिळतं.

पोपटाला पिंजऱ्यात घालून घरची मंडळी विमानाने नेतात, असं मात्र लिहू नका. आपल्याकडचा पोपट पाळणं हाच १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. मुंगसाचंही तेच.

पाळीव कुत्रा किंवा मांजर असेल तर कागदपत्रं खरी दाखवावीत का?

दाखवा, कारण त्यातच कथानक दडलेलं असतं. भारतातून युरोपीय संघात कुत्रा न्यायचा तर आधी कातडीखाली पंधरा आकडी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना, त्यात रेबीजशी लढणाऱ्या प्रतिपिंडांचं प्रमाण मिलिलिटरला किमान ०.५ एकक, आणि नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबणं. जपानसाठी हाच थांबा १८० दिवसांचा. ऑस्ट्रेलियात भारतातून कुत्रा थेट नेताच येत नाही. ब्रिटनमध्ये विमानाने येणारा पाळीव प्राणी माणसांच्या केबिनमध्ये नसतो, तो नोंदवलेल्या मालात येतो. अपवाद मदतनीस कुत्र्यांचा.

"काल पत्र आलं आणि आज मोती टोकियोला निघाला" हे म्हणून खोटं वाटतं. उलट चिपचे पंधरा आकडे, पिंजऱ्यावरची चिठ्ठी, रक्ततपासणीची तारीख हे सगळे पुरावे होऊ शकतात. दोन सारख्या दिसणाऱ्या कुत्र्यांची अदलाबदल झाली, तर चिप वाचणारं यंत्रच खरं काय ते सांगेल.

गोष्ट जुन्या काळात घडत असेल तर नियमही त्या काळचे घ्या. २००० सालापूर्वी ब्रिटनमध्ये उतरणाऱ्या कुत्र्याला सहा महिने विलगीकरणात काढावे लागत.

कुत्र्याने वासावरून चोर ओळखला की रहस्य संपलंच. मग काय करायचं?

हा सगळ्यांत अवघड प्रश्न, आणि बहुतेक हस्तलिखितं इथेच कोलमडतात. वास वाचकाला येत नाही. शेवटच्या प्रकरणात "मोतीने हुंगलं आणि तो ओरडला, हाच चोर!" असं लिहिलं, तर वाचकाची फसवणूक होते, कारण त्याला ओळखायची संधीच दिलेली नसते.

तीन गोष्टी करता येतात. एक, वास पहिल्यांदा येईल तेव्हाच तो शब्दांत मांडा आणि ओळखीच्या वस्तूशी जोडा: भिजलेल्या गोणपाटाचा, जुन्या पितळेचा, सरसूच्या तेलाचा. दोन, एकच वास निदान दोन संशयितांकडे न्या. मग नाक फक्त वर्तुळ लहान करतं, निकाल देत नाही. तीन, नाकालाच अडवा. पाऊस, फिनेल, अगरबत्त्यांचा धूर, फुलांचा ढीग.

डोळ्यांचंही तसंच. कुत्रा निवेदक असेल तर त्याच्या तोंडी "लाल पिशवी" हा शब्द येता कामा नये. "मातकट पिशवी" येईल. पुढे मांजर किंवा माणूस त्या पिशवीला लाल म्हणेल, तेव्हा हुशार वाचकाच्या डोक्यात दिवा पेटेल.

रहस्य बांधायला सुरुवात कुठून करायची?

शेवटापासून. पहिलं वाक्य लिहिण्याआधी गुन्हा प्रत्यक्षात कसा घडला हे एका पानावर मिनिटांच्या हिशेबाने लिहा. कोण कुठे होतं, कोणी काय पाहिलं, कोण खोटं बोललं आणि का. मग दुसऱ्या पानावर तेच हेराला कोणत्या क्रमाने कळतं ते लिहा. या दोन पानांतलं अंतर म्हणजेच गोष्ट.

एक नमुना पाहा. स्थळ काठमांडू खोऱ्यातलं पाटण. दिवस कुकुर तिहार, म्हणजे नेपाळच्या तिहार सणातला कुत्र्यांचा दिवस. तो आपल्या नरक चतुर्दशीच्या आसपास येतो. त्या दिवशी घरच्या आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना टिळा लावतात, झेंडूच्या माळा घालतात, गोडधोड खाऊ घालतात. पुण्याहून घरच्या माणसांबरोबर आलेली मिरी नावाची काळी गावठी कुत्री एका अतिथीगृहात उतरली आहे. अंगणातली पितळी घंटा नाहीशी होते. अंगणातल्या भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा सहा वाजून पाच मिनिटं झालेली असतात.

मोलकरीण सांगते, "माळ घातलेला कुत्रा पळताना दिसला." साक्ष खरी आहे पण निरुपयोगी, कारण आज गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात माळ आहे. घंटेच्या दोरीला सरसूच्या तेलाचा वास होता. तो व्यवस्थापकाच्या हाताला येतो आणि स्वयंपाक्याच्याही, कारण तिथला स्वयंपाकच त्या तेलात होतो. झेंडूच्या वासाने मिरीचं नाक तसंही गोंधळलेलं आहे.

आता बनारसहून आलेला एक पाहुणा म्हणतो, "पाच पन्नासला व्यवस्थापक अंगणात घंटेपाशी उभा होता." व्यवस्थापक म्हणतो, "पाच पन्नासला मी स्वयंपाकघरात होतो," आणि स्वयंपाकी दुजोरा देतो. पाहुणा खोटारडा ठरतो. पण नेपाळचं घड्याळ भारतापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं. पाहुण्याने मनगटावरचं घड्याळ बदललेलंच नाही. त्याचे पाच पन्नास म्हणजे तिथले सहा पाच. दोघंही खरं बोलत होते, आणि तरीही चोर सापडला.

या बांधणीत चूक होण्याच्या दोन जागा आहेत. पाहुण्याने मोबाइलवर वेळ पाहिली असं लिहिलंत तर सगळं ढासळतं, कारण मोबाइल सीमेपलीकडे गेला की साधारणपणे वेळ आपोआप बदलतो. आणि पंधरा मिनिटांचा फरक शेवटी पहिल्यांदाच सांगितलात तर वाचक चिडेल. तो दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात, भलत्याच निमित्ताने येऊन जायला हवा. समजा, सीमेवर बस चुकते आणि घरातलं लहान पोर म्हणतं, "पण अजून तर पंधरा मिनिटं आहेत!"

परदेशातली कोणती माहिती पुरावा म्हणून वापरता येते?

प्रेक्षणीय स्थळं सोडून जवळजवळ सगळी. मनोरे आणि राजवाडे सहलीच्या पुस्तकात असतात. रहस्याला रोजच्या जगण्यातले बारीक फरक लागतात.

मजले घ्या. आपण तळमजला, मग पहिला मजला म्हणतो. ब्रिटनमध्येही तसंच. अमेरिकेत आणि जपानमध्ये मात्र जमिनीलगतचाच मजला पहिला. "चोर दुसऱ्या मजल्यावरून उतरला" या वाक्याचा अर्थ बोलणारा कुठला, यावर ठरतो. तारखाही अशाच. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च.

सिडनीत दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो, त्यामुळे सावली दक्षिणेला पडते. छायाचित्रातल्या सावलीवरून दिशा ठरवणारा नागपूरचा बोका तिथे हमखास उलट्या दिशेला जाईल. लंडनमध्ये जूनमधला सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, म्हणून "आठ वाजता काळोखात दिसला नाही" ही थाप. लंडन आणि भारतातलं अंतर हिवाळ्यात साडेपाच तासांचं आणि उन्हाळ्यात साडेचारचं, हेही तपासून घ्या.

नाणी फार कामाची. युरोच्या नाण्याची एक बाजू सगळीकडे सारखी, दुसरी त्या त्या देशाची. ग्रीसच्या एक युरोवर घुबड आहे, आयर्लंडच्या नाण्यांवर वीणेसारखं वाद्य. संशयिताच्या खिशातून घुबडाचं नाणं पडलं की नवखा हेर ओरडेल, "हा ग्रीसला गेला होता!" अनुभवी घार त्याला गप्प करेल: युरो वापरणाऱ्या सगळ्या देशांत ती नाणी फिरतात, पॅरिसच्या पावाच्या दुकानातही सुट्ट्यांत मिळाली असतील. खोटा धागा कसा असावा, याचा हा चांगला नमुना आहे. तो दिसायला भक्कम असतो आणि शांतपणे विचार केला की सुटतो.

उत्तर गोलार्धात मोरीतलं पाणी एका बाजूला फिरतं आणि दक्षिणेत दुसऱ्या, हे मात्र वापरू नका. ते खरं नाही. मोरीचा आकार आणि पाणी कसं ओतलं, यावर ते ठरतं.

मराठीत क्रियापदावरूनच चोर बाई की बाप्या ते कळतं. लपवायचं कसं?

मराठी रहस्यलेखकाची ही खरी डोकेदुखी, आणि खरा खजिनाही. "चोर पळाला" किंवा "पळाली" म्हटलं की निम्मे संशयित बाद. सुटका तीन वाटांनी होते. "कोणीतरी पळालं" हे नपुसकलिंगी रूप. "सावली सरकली", "आकृती वळली" अशी वाक्यं, जिथे क्रियापद सावलीच्या मागे जातं. आणि सगळ्यांत उपयोगी म्हणजे कर्माप्रमाणे चालणारं वाक्य. "मी पेटी उघडली" यातलं "उघडली" पेटीचं आहे, उघडणारा पुरुष की स्त्री याचा पत्ता लागत नाही.

निनावी चिठ्ठी लिहिताना भविष्यकाळ वापरा. "उद्या रात्री येईन" सुरक्षित आहे, "उद्या रात्री येतो" घात करतो. त्यातही एक सापळा आहे. विसरणे, शिकणे, बोलणे ही क्रियापदं कर्माला जुमानत नाहीत. "मी किल्ली विसरले" असं चोराने चिठ्ठीत लिहिलं की भांडं फुटलं. हे चुकून झालं तर संपादकाची नामुष्की, मुद्दाम केलं तर सुरेख धागा. मराठीतूनच सुचेल असा.

प्राण्यांचं लिंगही आधीच ठरवून टाका. मांजर, मुंगूस, वटवाघूळ नपुसकलिंगी. पण त्याचं नाव बंडू ठेवलंत तर "बंडू आला" की "बंडू आलं"? दोन्ही चालेल, एकाच पुस्तकात दोन्ही नको.

प्राणी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलतात? परदेशी प्राण्याचं बोलणं कळतं का?

नियम तुम्ही करा, पण पहिल्या दोन प्रकरणांत करा आणि मोडू नका. सोयीचा नियम असा: प्राण्यांना प्राण्यांचं कळतं, आपल्या घरच्या माणसांचं कळतं, परक्या माणसांचं कळत नाही. मग मिरीला नेपाळी कळण्यासाठी गल्लीतला कुत्रा दुभाषा म्हणून लागतो, आणि दुभाषा खोटंही सांगू शकतो.

संबोधनं मराठी घरातलीच ठेवा. म्हाताऱ्या कासवीला आजी, कावळ्याला काका, पहिल्यांदा भेटलेल्या मोठ्या प्राण्याला अहो-जाहो, दोस्त झाल्यावर अरे-तुरे. अहो-जाहोवरून एकदम अरे-तुरेवर घसरलेला संशयितही काहीतरी सांगून जातो.

आवाजांच्या शब्दांत मजा आहे. आपला कोंबडा कुकूचकू करतो, फ्रेंचांचा कोकोरिको, जर्मनांचा किकेरिकी, जपान्यांचा कोकेकोक्को. कोंबडे जगभर सारखेच आरवतात, बदलतो तो माणसाने लिहिलेला शब्द. म्हणून आपण मराठी असल्याचं सोंग करणाऱ्याने चिठ्ठीत "पहाटे किकेरिकी झालं की निघ" असं लिहिलं, तर सोंग उघडं पडतं.

लांबी किती असावी? संशयित किती?

सहा ते आठ वर्षांच्या मुलांसाठी हजार ते दीड हजार शब्द, दोन संशयित, एकच फसवा धागा. आठ ते दहासाठी सहा ते आठ हजार शब्द, तीन संशयित. दहा-बाराच्या मुलांना पंधरा हजार शब्द आणि चार संशयित झेपतात, पाचवा आला की नावं मिसळायला लागतात. प्रकरण सातशे-आठशे शब्दांचं असलं तर झोपायच्या आधी एक वाचून होतं. निर्णायक धागे किमान तीन, आणि शेवटचा धागा उकल होण्याच्या निदान एक प्रकरण आधी येऊन गेलेला असावा.

खून चालेल का?

लहानांसाठी नको. चोरी, अदलाबदल, हरवलेलं पिल्लू, बनावट चित्र, कोणीतरी रोज रात्री वाजवणारी घंटा, एवढं पुरतं.

परदेशातली माणसं रंगवताना काय सांभाळायचं?

चोर नेहमी तिथला आणि शहाणा नेहमी इथला, हे पहिलं टाळा. दुसरं, देशाचं एकच सोंग: जपान म्हटलं की निंजा, आफ्रिका म्हटलं की सिंह. आफ्रिका हा खंड आहे. दार-एस-सलाममध्ये सिंहापेक्षा आपल्या गावकावळ्याची गाठ पडण्याची शक्यता पुष्कळ जास्त. त्या देशातल्या प्राण्याला तपासात खरं काम द्या. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयाच्या तळघरांत मांजरं राहतात. उंदरांपासून इमारत राखण्यासाठी राजवाड्यात मांजरं आणायचा हुकूम १७४५ सालचा. लंडनच्या टॉवरमध्ये किमान सहा डोमकावळे ठेवायची प्रथा आहे. असल्या ठिकाणी आपल्या हेराने शिकाऊ म्हणून जावं, साहेब म्हणून नव्हे.

हेराच्या खाण्याबद्दल काही पथ्य?

हो. बक्षीस म्हणून कुत्र्याला चॉकलेट, मनुका, द्राक्षं किंवा कांद्याची भजी देऊ नका. चारही त्याला घातक आहेत, आणि वाचणारी मुलं घरच्या कुत्र्यावर प्रयोग करतात. मोठ्या मांजराला वाटीभर दूध हेही चित्रातच बरं. बऱ्याच मांजरांचं त्याने पोट बिघडतं.

परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी वेगळं काही करावं का?

भाषा पातळ करू नका, वाक्यं आखूड ठेवा. रविवारच्या मराठी शाळेत येणाऱ्या मुलाला जोडाक्षरांनी दम लागतो, गोष्टीने नाही. "मुंगूस", "सुपारी", "ओसरी" असे शब्द अर्थ सांगत न बसता, वाक्यातूनच कळतील असे पेरा. आणखी एक: त्यांच्यासाठी परदेश म्हणजे कदाचित रत्नागिरी. ती राहतात त्या देशातून आलेली खार कोकणात तपास करतेय, अशी उलटी गोष्टही लिहून बघा.

मसुदा तयार झाला. तपासायचा कसा?

उकलीच्या आधीचं प्रकरण संपलं की तिथे थांबून चार-पाच मुलांना चोर कोण ते कागदावर लिहायला सांगा, एकमेकांना न दाखवता. सगळ्यांनी बरोबर लिहिलं तर एखादा धागा फार ठळक आहे. एकानेही लिहिलं नाही तर धागा गाडला गेलाय. एक-दोघांनी ओळखलं आणि बाकीचे उत्तर कळल्यावर "अरे हो, ते घड्याळ!" म्हणाले, तर छापायला द्या. मुलं "हो, छान आहे" एवढंच म्हणाली, तर मिनिटांच्या हिशेबाचं ते पहिलं पान पुन्हा काढा.